पोस्टाची आरडी: डोक्यावर कर्ज असताना खातं उघडावं का?

दिवाळीच्या तोंडावर मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, सोयाबीनची पट्टी (विक्रीची रक्कम) हातात येते आणि आठ दिवसांत तिची वाटणीही होऊन जाते. बियाणं-खताच्या दुकानाची उधारी, सोसायटीचं पीक कर्ज, बचत गटाचा हप्ता, मायक्रोफायनान्सचा हप्ता, कुणाकडून तरी शेकड्यानं उचललेले पैसे. नेमका याच दिवसांत गावातल्या शाखा डाकघरातून किंवा ओळखीच्या एजंट ताईकडून निरोप येतो, 'शंभराची तरी आरडी काढा, लेकरांच्या कामाला येईल.' लातूर असो, हिंगोली असो की गेवराई, पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव पुष्कळ घरांत अशी कर्ज चालू असतानाच सुरू होते.

ज्याच्यावर कुणाचं देणं नाही त्याच्यासाठी ही निर्धोक, ठीकठाक योजना आहे. तो विषय एवढ्यावर सोडू. इथे तपासायचं ते एकच: हप्ते फेडत असलेल्या घराला ती परवडते का, आणि परवडत असेल तर कधीपासून. मत आधीच सांगतो. आरडीचा व्याजदर सगळे विचारतात, पण कर्जदारानं पहिल्यांदा विचारायला हवं की घातलेले पैसे परत हातात कधी येतात. या कसोटीवर पोस्टाची आरडी पहिलं वर्षभर जवळजवळ निकामी आहे, त्यानंतर बरी आहे, आणि एका विशिष्ट प्रकारच्या कर्जाच्या जोडीला फारच चांगली आहे.

कागदावर काय मिळतं

महिन्याला किमान १०० रुपये, पुढे १० च्या पटीत कितीही. ६० हप्ते. व्याज वर्षाला ६.७ टक्के, तिमाही चक्रवाढीनं. हा दर ऑक्टोबर २०२३ मध्ये लागू झाला. सरकार अल्पबचतीचे दर दर तिमाहीला ठरवतं, त्यामुळे खातं उघडायच्या दिवशी पोस्टातल्या फलकावर नजर टाकून घ्या. उघडताना लागलेला दर मात्र पाचही वर्षं तोच राहतो. १०० रुपयांच्या खात्यात ६,००० जातात आणि ७,१३६ च्या आसपास परत येतात. १,००० च्या खात्यात ६०,००० चे ७१,३६६ होतात.

आता पैसे बाहेर काढायचे नियम. पहिले बारा हप्ते पूर्ण होऊन वर्ष लोटेपर्यंत काहीच मिळत नाही. त्यानंतर जमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत त्याच खात्यावर कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त व्याजानं, म्हणजे सध्याच्या दरानं ८.७ टक्के. खातं मोडायचं असेल तर उघडल्यापासून तीन वर्षं व्हावी लागतात. आणि मोडलं की सगळ्या रकमेला पोस्टाच्या बचत खात्याचा ४ टक्के दर लागतो. ५०० रुपयांचं खातं बरोबर तीन वर्षांनी मोडलं तर १८,००० वर व्याज अकराशेच्या घरात मिळतं. ६.७ नं तेच १,९७० च्या पुढे गेलं असतं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी मोडलं तरी हाच ४ टक्के. चार वर्षं अकरा महिने झालेलं खातं लग्नाच्या गडबडीत मोडणाऱ्यांनी हे एक वाक्य दोनदा वाचावं.

आधी आपलं कर्ज एकाच मापानं मोजा

सावकार शेकड्यानं बोलतो, गट महिन्याच्या टक्क्यानं, गाडीचा शोरूमवाला 'फ्लॅट' दरानं आणि बँक वार्षिक दरानं. चौघांना एकाच तराजूत घातल्याशिवाय आरडीशी तुलनाच होत नाही.

शेकडा तीन म्हणजे महिन्याला ३ टक्के, वर्षाला ३६. शेकडा पाच म्हणजे ६०. गटातलं अंतर्गत कर्ज महिन्याला २ टक्क्यांनी असेल तर २४, पण ते व्याज गटाच्याच गंगाजळीत पडतं आणि त्यात तुमचा वाटा असतो, म्हणून ते तितकं बोचत नाही. फसगत होते ती फ्लॅट दरात. ५०,००० रुपये, दोन वर्षं, 'फक्त १२ टक्के फ्लॅट': व्याज १२,०००, हप्ता २,५८३ चा २४ वेळा. दर महिन्याला मुद्दल कमी होत असतं, व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या ५०,००० वरच चालू राहतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास बसतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर झालेल्या किरकोळ कर्जांना बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर नावाची ओळ असते, प्रक्रिया शुल्कासकट खरा वार्षिक दर तिथे छापलेला असतो. बाकीची पानं नाही वाचली तरी चालतील, ती ओळ शोधा.

आता हिशेब. महिन्याला ५०० रुपये उरतात. आरडीत घातले तर पहिल्या वर्षाच्या शेवटी ६,००० वर साधारण २१८ रुपये व्याज जमतं. तेच ५०० दर महिन्याला शेकडा तीनच्या मुद्दलात भरले तर पहिल्या ५०० वर बारा महिन्यांचे १५ रुपये वाचतात, दुसऱ्या ५०० वर अकरा महिन्यांचे, असं करत वर्षात १,१७० रुपये. पैसे तेच, महिने तेच. शेकड्याचं कर्ज अंगावर ठेवून आरडी चालवणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं, यात दुमत व्हायला जागा नाही.

पण इथे गावातली एक अडचण आहे आणि पैशाचे बहुतेक सल्ले ती विसरतात. शेकड्यानं देणारा माणूस पाचशे-पाचशे मुद्दल घेत नाही. 'व्याज देत जा, मुद्दल एकदम आण' हा त्याचा शिरस्ता. त्याला मुद्दल फिटायची घाईच नसते. मग महिन्याचे ५०० कुठे ठेवायचे? आरडीत ठेवले तर दहा हजार जमल्यावरही ते बाहेर काढता येत नाहीत. हे पैसे साध्या बचत खात्यात ठेवायचे, व्याज कमी मिळालं तरी. दहा हजार झाले की एकदम नेऊन द्यायचे, चिठ्ठीवर 'मुद्दलात जमा' असं लिहून घ्यायचं आणि पुढच्या महिन्याचं व्याज उरलेल्या रकमेवरच मोजायला लावायचं. फोनपेनं दिले तर शेऱ्यात 'मुद्दल' लिहा. हाच साधा पुरावा पुढे उपयोगी पडतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय व्याजानं पैसे देणं गुन्हा आहे, आणि परवाना असलेल्यालाही शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जाते.

बचत खातं कुठलं, यालाही महत्त्व आहे. ज्या बँकेचं कर्ज थकलेलं आहे तिथेच ही पुंजी ठेवू नका. थकबाकीपोटी बँक त्याच बँकेतल्या खात्याला होल्ड लावू शकते, आणि मग दवाखान्यासाठी ठेवलेले चार हजार ऐन वेळी अडकतात. पोस्टाचं बचत खातं इथे सोयीचं पडतं. व्याज ४ टक्के, किमान शिल्लक ५००, आणि पीक कर्ज देणारा इथे कुणी नाही.

जिथे आरडी शोभून दिसते: बिनव्याजी पीक कर्ज

तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. अशा कर्जात मुदतीआधी पैसे भरून एक रुपयाही वाचत नाही. या घरानं कर्ज फिटायची वाट बघत आरडी अडवून ठेवू नये. इतर महागडं देणं नसेल तर पीक कर्ज चालू असतानाच २००, ५०० जे जमेल त्याचं खातं उघडावं. कर्ज आणि गुंतवणूक एकाच वेळी चालू ठेवून सरळसरळ फायदा व्हावा अशी ठिकाणं थोडी, त्यातलं हे एक.

अट एवढीच की कर्ज फेडायची रक्कम आरडीत जाता कामा नये. देय तारीख चुकली की शून्य टक्का गेला, आणि पुढच्या हंगामाचं नूतनीकरणही अडतं. पट्टी आल्यावर पीक कर्जाची रक्कम वेगळी काढून बचत खात्यात किंवा देय तारखेआधी मोकळ्या होणाऱ्या बँकेच्या मुदत ठेवीत घाला. पोस्टाची एक वर्षाची मुदत ठेव ६.९ टक्के देते, पण सहा महिन्यांच्या आत मोडता येत नाही आणि वर्षाआधी मोडली तर बचत खात्याचाच दर मिळतो. ती या कामाला नको.

कर्जमाफीच्या आशेनं थकवणाऱ्यांबद्दल एक वाक्य: २०१७ आणि २०१९ च्या माफीत मर्यादा अनुक्रमे दीड आणि दोन लाखांची होती, पण माफीची वाट बघत थकलेल्या वर्षांत नवं पीक कर्ज बंद राहिलं आणि पेरणीचा पैसा शेकड्यानंच आला.

आरडीचे तीन गुण, जे एजंटही नीट सांगत नाहीत

पहिला, हप्ता चुकण्याची किंमत. म्युच्युअल फंडाची एसआयपी (दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक) असो की कर्जाचा ईएमआय, खात्यात पैसे नसताना ऑटो-डेबिट आलं की बँक प्रत्येक वेळी दंड लावते, अनेक बँकांत तो अडीचशे ते पाचशे रुपये, वर जीएसटी. पोस्टाच्या आरडीत दंड १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया. ५०० चा हप्ता एक महिना चुकला तर ५ रुपये. आषाढात पेरणी दुबार झाली आणि दोन महिने हप्ता गेला नाही तर घर बुडत नाही. सलग चार चुकले की मात्र खातं खंडित धरलं जातं. तिथून दोन महिन्यांत आधी थकलेले हप्ते दंडासह, मग चालू हप्ता, असं भरून ते पुन्हा सुरू करता येतं. तेही चुकलं तर पुढे हप्ते घेतले जात नाहीत. चार किंवा त्याहून कमी चुका असतील तर तितके महिने मुदत वाढवूनही घेता येते.

दुसरा, आगाऊ भरण्याची सूट. हा नियम जणू मोंढ्यावर जगणाऱ्या माणसासाठीच केलेला आहे, आणि तोच फार कमी जणांना ठाऊक असतो. सहा हप्ते एकदम भरले, चालू महिना धरून, तर १०० रुपयांच्या खात्यामागे १० रुपये सूट. बारा एकदम भरले तर ४० रुपये. म्हणजे ५०० च्या खात्याचे वर्षाचे ६,००० भरायला प्रत्यक्षात ५,८०० लागतात, आणि मुदतीअखेरची रक्कम तीच राहते. सरासरी साडेपाच महिने आधी भरल्याबद्दल ५,८०० वर २०० रुपये: वर्षाच्या दरात हे साडेसात टक्क्यांच्या आसपास जातं, खुद्द आरडीच्या व्याजाच्या जोडीला. सहा-सहा करून दोनदा भरले तर वर्षाची सूट निम्मीच मिळते. भरायचे तर बारा भरा. आणि स्लिप भरताना 'आगाऊ बारा हप्ते, सूट वजा करून' असं खिडकीवर स्पष्ट सांगा. हातात मोजून ५,८०० च द्या.

ज्याला दर दहा दिवसांनी दुधाचं बिल मिळतं त्याला महिन्याचा हप्ता सोपा. ज्याचं उत्पन्न सोयाबीन आणि तूर अशा दोन पट्ट्यांत येतं त्यानं वर्षातून एकदा आगाऊ भरावं. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यालाही हीच पद्धत बरी. सहा महिने गाव सोडून फडावर असताना गावच्या पोस्टात हप्ता कोण भरणार? फक्त मुकादमाच्या उचलीतून आगाऊ हप्ते भरू नका. उचल हेसुद्धा कर्जच आहे, आणि फिटलं नाही तर ते पुढच्या हंगामावर चढतं.

तिसरा गुण म्हणजे खात्यावरचं कर्ज. ५०० च्या खात्यात वर्षानंतर ६,००० असतात, त्यावर ३,००० मिळतात. महिन्याचं व्याज सुमारे २२ रुपये. तेच ३,००० शेकडा तीननं घेतले तर ९०. रक्कम मोठी नाही, पण गावात उचलले जाणारे महागडे पैसे बहुतेकदा एवढेच असतात: औषधाचे तीन हजार, शाळेच्या गणवेशाचे दोन हजार. परत एकरकमी भरा किंवा महिन्याच्या हप्त्यानं. नाहीच भरले तर मुदतीअखेर व्याजासह वळते होतात, दारात कुणी येत नाही.

एका पासबुकाऐवजी तीन

५०० रुपये घालायचे असतील तर एकच खातं उघडू नका. २०० ची दोन आणि १०० चं एक अशी तीन उघडा. एका नावावर कितीही आरडी खाती चालतात आणि व्याजाला काही फरक पडत नाही. आरडीत हप्त्याची रक्कम मधेच कमी करता येत नाही, हा तिचा सगळ्यात ताठ नियम. ५०० चं एकच खातं असेल तर वाईट महिन्यात सगळंच चुकतं. तीन असतील तर १०० चं चालू ठेवता येतं. तीन वर्षांनंतर पैसे लागलेच तर एकच खातं मोडायचं, ४ टक्क्यांचा फटका फक्त त्यालाच बसतो. तोटा एवढाच की पासबुकं तीन सांभाळायची. त्यांच्यावर स्केच पेननं ठळक 'दवाखाना', 'शाळा', 'पेरणी' असं लिहिलं की मोडायची वेळ आली तर कुठलं मोडायचं यावर भांडण कमी होतं.

एक घर समोर ठेवून

समजा अडीच एकर कोरडवाहू, दोन म्हशी. देणी तीन: शेकडा तीनचे २०,०००, ज्याचं महिन्याला ६०० नुसतं व्याज, मायक्रोफायनान्सचे ४०,०००, २४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी, हप्ता २,११५, आणि ५०,००० पीक कर्ज. घरखर्च, हप्ता आणि ते ६०० देऊन जून महिन्यापासून ९०० उरतात.

यात जूनमध्ये आरडी नको. आधी, मे अखेरीस, खात्यातून कापले जाणारे ४५६ रुपये चुकू देऊ नका: जीवन ज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २०, प्रत्येकी दोन लाखांचं संरक्षण. कमावता माणूस गेला तर शेकड्याचं देणं बायकोच्या अंगावर येतं, आणि त्याच्या आड उभी राहणारी एवढी स्वस्त भिंत दुसरी नाही. जीवन ज्योतीत शिरायचं वय १८ ते ५०, सुरक्षा विम्याचं ७० पर्यंत.

जून ते ऑक्टोबर ९०० प्रमाणे बचत खात्यात ४,५००. दिवाळीत पट्टीतून पीक कर्ज आणि उधारी बाजूला काढून १५,००० उरले असं धरू. मोह होतो की १९,५०० सगळेच नेऊन द्यावेत. तसं करू नका. १५,००० द्या, ४,५०० ला हात लावू नका. मुद्दल ५,००० वर आलं, व्याज ६०० चं १५० झालं. आता महिन्याला ९०० अधिक वाचलेले ४५०, म्हणजे १,३५०. चार महिन्यांत तेही फिटतं, आणि बचत खात्यातली पुंजी शाबूत राहते. ती पुंजी नसती तर डिसेंबरात म्हैस आजारी पडल्यावर पुन्हा त्याच दारात जावं लागलं असतं, आणि पुन्हा गेलेल्याला दर वाढवून लागतो.

मग मार्चपासून १,५०० मोकळे. अजून २४ टक्क्यांचं मायक्रोफायनान्स आहे. आरडी की तेच आधी फेडायचं? रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार मायक्रोफायनान्सच्या कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही, तेव्हा हिशेब साधा आहे: २४ वजा ६.७. महिन्याला ३०० ची आरडी या काळात चालवली तर वर्षाला साधारण ३३७ रुपयांचा तोटा. कर्जाला वर्षापेक्षा जास्त काळ उरला असेल तर १,५०० च्या १,५०० कर्ज लवकर मिटवण्यासाठी साठवावेत. शेवटचे सहा हप्ते उरले असतील तर बाकी ११,८५० च्या आसपास असते आणि त्यातलं उरलेलं व्याज जेमतेम ८४५. तेवढ्यासाठी हातातले सगळे पैसे मोकळे करण्यापेक्षा ३०० ची आरडी सुरू करून हप्ते मुकाट भरलेले बरे. शेवटचा हप्ता गेला की पुढच्या महिन्यात २,११५ पैकी निदान १,००० त्याच तारखेला पोस्टात जायला हवेत. एक महिना जरी मधे गेला तरी ते पैसे घरात विरघळतात.

बाकीचे पर्याय, थोडक्यात

बँकेची आरडी सहा महिने किंवा एक वर्षासाठी मिळते आणि अर्धा-एक टक्का कापून कधीही मोडता येते. मोकळेपणाच्या कसोटीवर, म्हणजे कर्जदाराच्या पहिल्या वर्षासाठी, ती पोस्टापेक्षा उजवी आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. फक्त ती थकलेल्या कर्जाच्या बँकेत नको, आणि ऑटो-डेबिट असेल तर त्या तारखेला खात्यात पैसे असू द्या.

पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, घरबसल्या गोळा होते, पण पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विम्याचं कवच नाही. पाच लाखांपर्यंतचा विमा बँकांतल्या ठेवींना आहे, पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांना नाही. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात या संस्थांच्या बंद दारांपुढे लागलेल्या रांगा बघितलेल्यांना जास्त सांगायची गरज नाही. भिशी ओळखीवर चालते, आधी उचलणारा पळाला की संपलं.

एसआयपी २५० रुपयांपासूनही सुरू होते. पैसा शेअर बाजारात, म्हणजे वर्षभरात पाचातला एक रुपया गेलेला दिसू शकतो, आणि बऱ्याच इक्विटी योजनांत वर्षाच्या आत काढलं तर १ टक्का कापतात. १२ टक्क्यांच्या वरचं एकही कर्ज उरलेलं नसेल तेव्हाच तिचा विचार करा. मोबाइलवरचं दहा रुपयांचं डिजिटल सोनं घेताक्षणी ३ टक्के जीएसटी जातो, विकताना दरातला फरक वेगळा. ते नकोच.

पीपीएफचा (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा) एक गुण कर्जदारानं लक्षात ठेवावा. वर्षाला किमान ५००, व्याज ७.१ टक्के, मुदत १५ वर्षं, आणि त्यातली रक्कम कर्जापोटी कोर्टाच्या हुकमानंही जप्त होत नाही. वर्षाचे ५०० घालून खातं नुसतं जिवंत ठेवायला हरकत नाही.

उघडताना आणि नंतर

आधार, पॅन, दोन फोटो, मोबाइल आणि पहिला हप्ता एवढं घेऊन जा. वारसदाराचा रकाना कोरा सोडू नका, घाईत तोच राहतो. महिन्याच्या १५ तारखेच्या आत खातं उघडलं तर पुढचा प्रत्येक हप्ता १५ पर्यंत भरायचा, १६ पासून पुढे उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. ज्याचा पगार किंवा मजुरी महिन्याच्या अखेरीस येते त्यानं मुद्दाम १६ किंवा त्यापुढे उघडावं. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं असेल तर तिच्या ॲपवरून हप्ता जातो, नाहीतर पोस्टाच्या बचत खात्यातून परस्पर वळता करायची सूचना देऊन ठेवा. शाखा डाकघरात भरलं तर हातातल्या यंत्रातून निघालेली पावती घ्या.

एजंट ताईकडून भरायचं असेल तर तिचं कमिशन सरकार देतं, तुमच्याकडून काही घ्यायचं नसतं. ती पैसे घेऊन आपल्या कार्डावर सही करते आणि महिन्याची यादी करून पोस्टात भरते. कार्डावरची सही म्हणजे पैसे ताईला मिळाले एवढंच. पोस्टात ते पोचले हे फक्त पासबुकातली नोंद सांगते. दर तीन महिन्यांनी पासबुक स्वतः खिडकीवर नेऊन छापून घ्या, कार्डावरच्या सह्या आणि पासबुकातल्या ओळी मोजा. बारा सह्या आणि दहा ओळी निघाल्या तर त्याच दिवशी पोस्टमास्तरांना लेखी द्या, कारण त्या दोन हप्त्यांचा दंड तुमच्या खात्यावर चढत असतो, ताईच्या नव्हे.